‘उत्तीर्ण वर्ष’ नसलेला माजी विद्यार्थी

फॉर्म मी बनवला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही तात्त्विक वगैरे लिहिणार आहे, त्याची सुरुवात त्या फॉर्मपासून झाली.

आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा होता. कॉलेज मिशनऱ्यांनी काढलेलं, आमच्या वऱ्हाडापासून खूप दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. त्याचं नाव सांगत नाही, कारण यात कॉलेजचा काही दोष नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच जणांची समिती ठरली, मी आयटीतला म्हणून गूगल फॉर्म माझ्या गळ्यात पडला. मी पंधरा मिनिटांत उरकला. नाव, मोबाइल, शाखा, उत्तीर्ण वर्ष, सध्याचं पद, संस्था किंवा कंपनी, उल्लेखनीय यश. पहिल्या सहा रकान्यांवर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. शेवटच्याला चांदणी ठेवली नाही. तेवढी दया दाखवली.

दोन दिवसांत ऐंशी-नव्वद फॉर्म आले. त्यातून एक छान पीडीएफ तयार झाली, ‘आपले माजी विद्यार्थी : कोण कुठे?’ अशा मथळ्याची. कुणी बंगळुरूला, कुणी टोरोंटोला, कुणी तहसीलदार, कुणी स्वतःची कंपनी काढलेली. वाचताना ऊर भरून आला. मग लक्षात आलं की या यादीत एक नाव नाही, आणि ते कधी येणारही नाही, कारण चौथ्या रकान्यात लिहायला त्याच्याकडे काहीच नाही.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. मित्र म्हणतो. तो मूर्तिजापूरचा, मी अकोल्याचा. दोघं एकाच गाडीने जायचो, महाराष्ट्र एक्सप्रेसने, जनरल डब्यात. तो मूर्तिजापूरला चढून माझ्यासाठी जागा धरायचा आणि अर्ध्या तासाने अकोल्याला मी चढायचो. त्याच्या आईने दिलेल्या डब्यात दोघांना पुरेल इतकं असायचं : ज्वारीची भाकर, कोरडी आलू-वांगी, जवसाची चटणी. पहिल्या वर्षी माझ्या परीक्षा फीला पैसे कमी पडले, ते त्याने भरले. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. तो गावी गेला आणि परत आलाच नाही. मी पास झालो. माझ्याकडे उत्तीर्ण वर्ष आहे.

•

‘माजी विद्यार्थी’ हा शब्द नीट बघा. माजी म्हणजे पूर्वीचा. जो कधीकाळी तिथे शिकला तो माजी विद्यार्थी. शब्दात कुठेही पदवीचा उल्लेख नाही. माजी आमदार व्हायला पाच वर्षं पूर्ण करावी लागत नाहीत, मधेच राजीनामा दिला तरी माणूस माजी आमदारच असतो. मग माजी विद्यार्थी व्हायला तीन वर्षं पूर्ण करण्याची अट कुठून आली?

समितीच्या बैठकीत हा प्रश्न निघाला होता. कुणीतरी विचारलं, मधेच सोडून गेलेल्यांचं काय? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, ‘नॅकसाठी डेटा लागतो, तो स्वच्छ पाहिजे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था, १९९४ सालची. तिच्या तपासणीत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण असतात : संघटना नोंदणीकृत आहे का, तिने कॉलेजला किती देणगी दिली वगैरे. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या कॉलेजांत जे मेळाव्यांचं पीक आलंय, त्यात व्हॉट्सॲपइतकाच या गुणांचाही हात आहे. यात वाईट काही नाही. पण अर्धवट सोडलेल्यांना वगळायचा नियम कुणी वरून धाडलेला नव्हता. तो आम्ही केला होता. नॅकचं नाव घेतलं की आपली लाज झाकली जाते, एवढंच.

मिशनरी कॉलेजांत या मेळाव्याला पुष्कळदा ‘होमकमिंग’ म्हणतात. शब्द अमेरिकेतून आलेला. तिथल्या विद्यापीठांत शंभराहून जास्त वर्षं ही प्रथा आहे : दरवर्षी फुटबॉलचा सामना असतो, मिरवणूक असते आणि जुने विद्यार्थी परत येतात. होमकमिंग म्हणजे घरी येणं. माझा सगळा गोंधळ या ‘घर’ शब्दाने केला. घरी आल्यावर आई काय विचारते? आमच्याकडे विचारते, ‘जेवला काय रे?’ सध्याचं पद विचारत नाही. विचारते सुद्धा, पण जेवण झाल्यावर.

•

अमरावती-अकोल्यात ख्रिस्ती विद्यापीठ नाही. महाराष्ट्रात आहे, पुण्याचं स्पायसर, त्याला २०१४ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण आपल्या भागाचा मिशनरी शिक्षणाशी संबंध जुना आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी मला या प्रश्नासाठी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजची. (माझं कॉलेज ते नव्हे.) अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं १९२३ मध्ये, जे आज विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. त्याआधी वऱ्हाडातल्या मुलाला कॉलेज करायचं तर नागपूर गाठा नाहीतर पुणे-मुंबई. नागपुरात हिस्लॉप होतं, १८८३ पासून. ज्याच्या नावाने ते आहे तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, शिकवता शिकवता दगड आणि जीवाश्म गोळा केले, मध्य भारताच्या भूगर्भाविषयी लिहिलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं बघून रात्री परतताना ओढ्याच्या पुरात बुडून वारला. म्हणजे त्याच्या नावाचं कॉलेज निघालं तेव्हा त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या कॉलेजातल्या एकाही विद्यार्थ्याला त्याचे आभार मानता आले नाहीत. तो आला होता धर्मप्रसारासाठी, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच्या नावाच्या कॉलेजात जे शिकले त्यातले बहुसंख्य ख्रिस्ती झाले नाहीत. त्याने जे दिलं त्यातलं, त्याला जे हवं होतं ते कमी आणि जे मुलांना हवं होतं ते जास्त घेतलं गेलं. देणाऱ्याच्या हिशेबाप्रमाणे हे फसलेलं देणं. घेणाऱ्याच्या हिशेबाप्रमाणे आयुष्य बदलणारं.

दुसरी गोष्ट यवतमाळची. १९५३ मध्ये तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, पाद्री आणि धर्मशिक्षक घडवणारं महाविद्यालय. देशभरातून मुलं यायची. आपल्या मूर्तिजापूरहून यवतमाळला शकुंतला नावाची छोट्या रुळांची गाडी धावायची, इतकी हळू की तिचे विनोद अजून चालतात. तीस वर्षं हे सेमिनरी यवतमाळला होतं. १९८३ मध्ये ते पुण्याला हललं, बिबवेवाडीला. त्याच वर्षी अमरावतीला विद्यापीठ सुरू झालं, हा निव्वळ योगायोग.

आता विचार करा. १९७० साली यवतमाळला शिकलेला माणूस ‘घरी’ यायचं म्हणाला तर कुठे येईल? पुण्यातल्या इमारतीत तो कधी राहिलेला नाही. यवतमाळला त्याची खोली असेल-नसेल, पण त्याचं कॉलेज तिथे नाही. शकुंतलाही बंद पडली. त्याचं घर म्हणजे जी माणसं त्याच्यासोबत त्या मेसमध्ये जेवली, ती. इमारत, नाव, बोधचिन्ह हे सगळं हलवता येतं. सोबत खाल्लेलं जेवण हलवता येत नाही.

हे पटत असेल तर माझ्यापुढे अडचण उभी राहते. कॉलेज हे माझं घर असेल, आणि घर म्हणजे सोबत जेवलेली माणसं असतील, तर ज्याच्या डब्यातलं मी दीड वर्ष खाल्लं त्याला मी घराच्या यादीतून काढलं होतं.

•

ऋणाचं तत्त्वज्ञान आपल्याकडे फार जुनं आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटलंय की माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो : देवांचं, पितरांचं, ऋषींचं. मला यातली एक गोष्ट कायम आवडत आली. पितरांचं ऋण पितरांना परत करायचं नसतं. मुलंबाळं जन्माला घालून, वाढवून ते फिटतं. ऋषींचं ऋण फिटतं शिकून, म्हणजे विद्या पुढे चालू ठेवून. मागून आलेलं पुढे द्यायचं. आई-बापाने आपल्याला वाढवलं त्याची भरपाई आई-बापाला कुणी करू शकत नाही, ती आपल्या लेकरात होते.

पण याच वचनात एक खडा आहे. मूळ वाक्य सगळ्या माणसांविषयी नाही, ब्राह्मणाविषयी आहे. विद्येचं ऋण कुणावर असतं? ज्याला विद्या मिळते त्याच्यावर. ज्याला ती मिळूच दिली नाही तो ऋणकोसुद्धा नाही, तो हिशेबातच नाही. तीही एक यादीच होती, आणि तिलाही लाल चांदणी होती. मिशनरी शाळांविषयी कितीही तक्रारी असोत, त्यांचे हेतू कितीही तपासा, पण बाकांवरची ती चांदणी पुसायला ज्यांनी हात लावला त्यांत त्या होत्या. म्हणून त्यांच्याविषयीची कृतज्ञता खोटी नाही.

ख्रिस्ती विचारात या जागी ‘कृपा’ आहे. कृपा म्हणजे लायकी न बघता मिळालेलं देणं, जे फेडता येत नाही, फक्त स्वीकारता येतं. दोन्ही परंपरा वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येतात : जे मिळालं ते देणाऱ्याला परत करून हिशेब मिटत नाही.

मी या विचाराच्या प्रेमात होतो. मेळाव्यात भाषण करायचं ठरलं तेव्हा हेच बोलणार होतो. कॉलेजने दिलं, आपण पुढे देऊ, गरजू मुलांसाठी फी-निधी उभारू. यावर आक्षेप घेणं सोपं नाही. असा निधी माझ्या मित्राच्या वेळी असता तर कदाचित त्याने कॉलेज सोडलं नसतं. आणि निधी उभा राहतो तो यशस्वी माणसांच्या पैशातूनच. म्हणजे ‘कोण कुठे?’ची पीडीएफ निव्वळ मिरवण्यासाठी नाही, तिच्यामुळे कुणाची तरी फी भरली जाते. जो म्हणेल की यशाच्या याद्या बंद करा, त्याने आधी त्या मुलांच्या फीची सोय करावी. हा युक्तिवाद मला अजूनही पटतो.

फक्त मला मित्राला भेटायचं होतं. खरं सांगायचं तर भाषणात त्याचा उल्लेख करायचा होता, नाव न घेता, आणि त्याआधी त्याला एकदा विचारावं असं वाटलं.

•

मूर्तिजापूरला त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. बाहेर फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात : सातबारा, पीकविमा, पॅन कार्ड, शिष्यवृत्ती, कॉलेज ॲडमिशन. खाली मोबाइल नंबर. मी गेलो तेव्हा तो एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होता. तिचा बाप बाजूला स्टुलावर उत्पन्नाचा दाखला हातात धरून बसला होता. मित्राने मान वर करून पाहिलं.

‘काय बे, इकडं कुठी?’

जणू मी परवा भेटलो होतो. मला बसायला सांगून त्याने त्या मुलीचा अर्ज पूर्ण केला, दोनदा तपासला, पावती छापली, पन्नास रुपये घेतले. बाप म्हणाला, ‘भाऊ, होईन ना?’ तो म्हणाला, ‘होईन. नाही झालं तं या, पुन्हा भरू. पैसे नाही लागत दुसऱ्या वेळी.’

मग चहा आला. मी मेळाव्याचं सांगितलं. भीत भीत फॉर्मचंही सांगितलं. तो हसायला लागला.

‘उत्तीर्ण वर्षावर चांदणी काऊन टाकली बे? दिवसभर मी हेच करून राह्यलो. लोकं येतात, एक रकाना अडला की पूर्ण फॉर्म अडते. मले सांगतलं असतं तं बरोबर करून देलं असतं.’

मी म्हणालो, चूक झाली, आता तुझं नाव टाकतो, तू ये. आम्हाला राहिलेल्यांना, हरवलेल्यांना शोधायचंय. हरवलेल्यांना हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. भाषणाची तयारी डोक्यात होती.

तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘मी कुठी हरवलो होतो? नंबर तोच हाय. बाहेर बोर्डावर लिहेल हाय.’

माझ्या मोबाइलमध्ये तो नंबर होता. कायम होता. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, मी हात जोडल्याची खूण टाकतो.

•

भाषणात मी जी गोष्ट सांगणार होतो ती बायबलमधली, लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली. आमच्या कॉलेजात सकाळच्या प्रार्थनेला ती इतक्यांदा ऐकली होती की ख्रिस्ती नसलेल्या आम्हा मुलांनाही पाठ होती. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून एकाला शोधायला निघतो. मग दहा नाण्यांतलं एक हरवतं, बाई दिवा लावून घर झाडून काढते. आणि मग उधळ्या मुलाची गोष्ट. तो आपला वाटा घेऊन जातो, सगळा उडवतो, दुष्काळात डुकरं राखतो, शेवटी घरी परततो. तिन्ही गोष्टींत सापडल्यावर आनंद साजरा होतो. मेळाव्याला याहून चपखल काय असणार?

मूर्तिजापूरहून परत येताना या गोष्टीने मला झोपू दिलं नाही. कारण ती मी कायम मेंढपाळाच्या जागी उभं राहून ऐकली होती. आपण शोधणारे, ते हरवलेले. पण मेंढरू हरवतं म्हणजे काय? कळपातून पाहिलं की हरवतं. त्याच्या जागेवरून पाहिलं तर ते जिथे आहे तिथेच आहे, कळप पुढे निघून गेलाय. माझा मित्र मूर्तिजापूरला होता. आम्ही निघून गेलो होतो. आणि आता त्याला ‘शोधून’ आम्हाला शोधण्याचं पुण्य हवं होतं.

गोष्ट मात्र आपल्यापेक्षा शहाणी आहे. परतणाऱ्या मुलाने वाटेत एक भाषण तयार केलेलं असतं : मी मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला नोकर म्हणून ठेवा. म्हणजे तो आपलं ‘सध्याचं पद’ सांगायच्या तयारीत येतो. बाप ते भाषण पुरतं होऊच देत नाही. तो लांबूनच धावत गेलेला असतो, आणि त्याचं पुढचं वाक्य कपड्यांविषयी आणि जेवणाविषयी असतं. फॉर्मचा विषयच निघत नाही.

आणि थोरला मुलगा. तो कधी कुठे गेला नाही, शेतात राबत राहिला. घरात नाचगाणं ऐकून तो बाहेरच थांबतो, आत यायला तयार नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजावतो. तो आत गेला की नाही, हे गोष्ट सांगत नाही.

दुकानातून निघताना मित्राने विचारलं होतं, ‘मेसच्या मावशीले बोलावलं काय?’ नव्हतं बोलावलं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या कधी कुठे गेल्या नाहीत, रोज पहाटे उठून आमच्या पोळ्या लाटत राहिल्या, त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये कुठलाच रकाना नव्हता. गेलेल्याला विसरणं एक आणि राहिलेल्याला विसरणं दुसरं. आम्ही दोन्ही केलं होतं.

•

आपल्या विद्यापीठाचं नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम सगळे त्यातच. लाखो पदव्यांवर हे नाव छापलेलं आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. ते शाळेत गेले नाहीत. गावोगाव झाडू घेऊन फिरले, कीर्तनातून लेकरांना शाळेत घाला म्हणून सांगत राहिले, पंढरपूर-नाशिक-आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत मालक म्हणून राहिले नाहीत. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावला गेले. ज्यांच्या नावाची पदवी आपण फ्रेम करून लावतो, त्यांना माझा फॉर्म भरता आला नसता. उत्तीर्ण वर्ष : रिकामं. सध्याचं पद : रिकामं. फॉर्म पुढे सरकला नसता.

हे लिहायला मजा येते, पण यातून गाडगेबाबांना काही फरक पडत नाही. माझ्या मित्रालाही गाडगेबाबांशी तुलना नको आहे. तो पन्नास रुपये घेतो आणि तसं सांगतो. त्याला महान करून टाकणं ही त्याला यादीबाहेर ठेवण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. तो महान नाही, माझा वर्गमित्र आहे. एवढंच मान्य करायला मला इतकी वर्षं लागली.

आणि ऋणाच्या तत्त्वज्ञानाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. चहा पिताना मी त्याला ते सांगितलं होतं. मागचं ऋण पुढे फेडायचं, तू माझी फी भरलीस, आता मी दुसऱ्या कुणाची भरणार, वगैरे. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला :

‘ते समाजाले देजो नंतर. पहिले माहे सातशे वीस दे.’

मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. सातशे नव्हे, सातशे वीस, हे त्याला लक्षात होतं. त्या महिन्यात त्याच्या बापाने कापूस विकून पाठवलेले ते पैसे होते आणि मग त्याने स्वतः दोन आठवडे मेसमध्ये एकच वेळ जेवण घेतलं होतं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि पाच हजार टाकायला लागलो. त्याने मोबाइलवर हात ठेवला. ‘सातशे वीस.’ तेवढेच टाकले. त्याच्या डब्यावरून आवाज आला, इतके रुपये प्राप्त झाले. तो म्हणाला, ‘झालं. आता मोकळा तू.’

मी मोकळा झालो नाही, हे उघड आहे. एकवेळच्या जेवणाचे दोन आठवडे कुठल्या ॲपवरून पाठवणार? पण त्या सातशे वीस रुपयांनी एक गोष्ट कळली. ‘पुढे फेडू’ हा सुंदर विचार आहे, आणि तो पळवाट म्हणूनही फार सोयीचा आहे. ज्या ऋणाला नाव आहे, चेहरा आहे, मोबाइल नंबर आहे, ते आधी त्या माणसाकडे फेडायचं. उरलेलं, ज्याचा धनी सापडत नाही किंवा हिस्लॉपसारखा कधीच गेलेला आहे, ते पुढे. आपण उलट करतो. संस्थेला देणगी देतो, कारण संस्था कधी विचारत नाही, ‘इतके दिवस कुठी होता?’ माणूस विचारू शकतो. म्हणून कृतज्ञता संस्थेकडे वळवणं सोपं जातं.

मेळाव्याला तो आला नाही. रब्बीच्या पीकविम्याची गर्दी होती, दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. कदाचित यायचंही नव्हतं. मी विचारलं नाही. भाषण मी केलं नाही, निधीला पैसे दिले. मावशींना आणायला दोघं जण गाडी घेऊन गेले. त्या आल्या, पहिल्या रांगेत बसायला तयार होईनात, मागे बसल्या आणि जेवणाच्या वेळी उठून वाढायला लागल्या. त्यांना थांबवायचं की वाढू द्यायचं, हे आमच्यातल्या कुणालाच ठरवता आलं नाही.

पुढच्या वर्षीचा फॉर्म आता तयार आहे. ‘उत्तीर्ण वर्ष’ काढून तिथे लिहिलंय, ‘कॉलेजात कधीपासून कधीपर्यंत होतात?’ ‘सध्याचं पद’वरची चांदणी काढलीय. पाठवण्याआधी मी तो मूर्तिजापूरला तपासायला पाठवला. त्याने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, मोबाइलच्या रकान्याला दहा आकड्यांची मर्यादा घालायला सांगितली, आणि खाली लिहिलं, ‘आता चालते.’

त्याने स्वतः तो भरलाय की नाही, हे मी अजून उघडून पाहिलेलं नाही.